लाल डबी, निळी डबी

कानबाईच्या रविवारी, देवी बसवायच्या दिवशी, सकाळी सरिता चौरंग आणायला गच्चीवर गेली, आणि ताडपत्रीचा कोपरा वाऱ्यानं उडालेला बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडपत्रीखाली तिची तिन्ही शिलाई मशीन होती. दोन धड होती. तिसरं, पिकोचं, अर्धं भिजलं होतं. आठवडाभर श्रावणाची झिमझिम चालू होती, चाकावर तांबूस गंज धरला होता. तिनं चाक हातानं फिरवून पाहिलं. हललं नाही. पाण्याच्या टाकीमागे, भिंतीकडे तोंड करून, तिची पाटी उभी केलेली होती. 'सरिता शिवणक्लास, पिंप्राळा'. शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखी.

"मेल्यांनो," ती म्हणाली. ऐकायला टाकीशिवाय कुणी नव्हतं.

खाली तिच्या खोलीत काय चाललंय ते तिला बघायचीही गरज नव्हती. समोरची, गल्लीकडे वेगळं दार असलेली ती खोली. नवऱ्याचं, धर्मेंद्रचं, पंप-मोटारींचं दुकान बंद पडलं होतं त्या दोन वर्षांत या घरात चूल पेटायची ती त्या खोलीच्या जिवावर. कॉलनीतल्या पोरी दुपारी शिकायला यायच्या, सणासुदीला ब्लाउजांचे गठ्ठे पडायचे. आता दुकान पुन्हा चालायला लागलं, आणि साहेबांना त्या खोलीत होम थिएटर लावायचं होतं. तिला विचारलं कुणी? कुणी नाही. एका सकाळी ती देवळातून परत आली तर हमाल तिची मशीन जिन्यानं वर चढवत होते. "क्लास काय, गच्चीवरही होईल," असं धर्मेंद्र म्हणाला होता. भर पावसाळ्यात.

हे सगळं ठरलं होतं आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला. घर भरलं होतं. धाकटा दीर गोपाल पुण्याहून आला होता बायकोला घेऊन, नणंद हेमलता धुळ्याहून नवऱ्यासह माहेरपणाला आलेली. जेवून सगळे पंख्याखाली लवंडले होते, आणि धर्मेंद्रनं विषय काढला. पारोळ्यात पहिला रंगीत टीव्ही आपल्या वडिलांच्या, नानांच्या ओट्यावर लागला होता, अख्खी गल्ली बघायला बसायची, तर आता जळगावात पहिलं खरं होम थिएटर आपल्याच घरी लागलं पाहिजे. भिंतीएवढं चित्र, पाच दिशांनी आवाज. कानबाईला सगळी चुलत भाऊबंदकी येईलच, तेव्हा दाखवू.

मग या घराची जुनी रीत. मोठी वस्तू एकट्यानं घ्यायची नाही, वाटून घ्यायची. म्हणजे उद्या कुणाला 'हे माझं' म्हणता येत नाही. हेमलताच्या लग्नातही तसंच झालं होतं. पलंग मामानं दिला, गादी काकानं, आणि एकानंही दुसऱ्याला माप विचारलं नाही. मापं विचारणं म्हणजे समोरच्याच्या ऐपतीवर शंका घेणं, हा यांचा रुबाब. गादी वीतभर तोकडी निघाली, आणि हेमलता अजून धुळ्याला त्या वीतभर खड्ड्यात उशी कोंबून झोपते. पण अक्कल येते का कुणाला? टीव्ही आणि स्पीकर धर्मेंद्रनं घ्यायचे ठरलं. जावई लीलाधर म्हणाले, चित्रपटांच्या डिस्क माझ्याकडे. आणि गोपाल एकदम उठून बसला होता. "प्लेअर माझ्याकडे लागला. त्यात कुणी बोलायचं नाही."

एवढी घाई गोपालला एरवी कशाचीच नसते. सरिताला ते तेव्हाच खटकलं होतं. पण खटकलेलं बोलून दाखवायला तिला विचारलं होतं कुणी?

---

चौरंग घेऊन ती खाली आली तर सासूबाई दारातच पाट टाकून बसल्या होत्या. भागाबाईंना सगळे अक्का म्हणत. गुडघे गेलेले, पण घरातली सगळी सूत्रं त्या पाटावरून हलत.

"अक्का, मशीनला गंज लागला," सरिता म्हणाली.

"लागू दे. आज कानबाई मायना दिवस शे. आज तोंड वाकडं करू नको."

"तोंड वाकडं नाही करत. सांगून ठेवते."

"पोऱ्यानं हौस करी, त्याले करू दे ना माय. नानाले भी अशीच हौस व्हती."

नानांना हौस होती हे खरं. पण नानांनी हौसेपायी अक्कांचं जातं उचलून गच्चीवर नेलं नव्हतं. हे सरिताच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. सकाळपासून उपास होता, रोटांचं, देवीच्या नैवेद्याच्या त्या जाड गोड पोळ्यांचं, सगळं तिला करायचं होतं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून दळलेले, पीठ कालच चाळून ठेवलेलं. कानबाईच्या रोटाला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, घरची सूनच लागते. आणि ते रोट खायचेही घरच्यांनीच, भाऊबंदकीतल्यांनीच. बाहेरच्याला तुकडा देता येत नाही, आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवावे लागतात. बाकी काहीही वाटून घेतील हे लोक, पण रोट अजून एक होता. चुली केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या, रोट मात्र रुपचंद नानांच्या नावानं अजून एकत्र.

स्वयंपाकघरात धाकटी जाऊ रेशमा भोपळा चिरत होती. तिनं सरिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पोरगी वाईट नव्हती. पण गोपालच्या बायकोनं आपल्या बाजूनं बोलावं अशी अपेक्षा सरितानं सोडून दिली होती.

"ताई, मशीन खूप भिजलं का?" रेशमानं हळूच विचारलं.

"तुला काय करायचंय? तुम्ही बघा सिनेमा."

 विळीवर रेशमाचा हात थांबला.

---

दुपारी लाइट आली तेव्हा सगळे खोलीत जमले. सरिताचं कापड बेतायचं लांब टेबल तेवढं खाली ठेवलं होतं, कारण त्यावर टीव्ही छान बसत होता. टेबलावरच्या खडूच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. पाच स्पीकर पाच दिशांना, काळा कुळकुळीत ॲम्प्लीफायर खाली, आणि मधोमध गोपालचा प्लेअर. तो अमेरिकेतून मागवलेला होता म्हणे, म्हणून त्याला आपली लाइट चालत नव्हती. गोपालनं त्याच्यासाठी विटेएवढा एक ट्रान्सफॉर्मर आणला होता आणि तो भुंग्यासारखा गुणगुणत होता.

पहिलं भांडण वायरीवरून झालं. प्लेअरची चपटी वायर टीव्हीत बसली, चित्र आलं. पण ॲम्प्लीफायरला तसलं भोकच नव्हतं. त्याला लाल-पांढरी गोल भोकं.

"भाऊ, हा कोणता घेतलास तू?" गोपालनं कपाळाला आठ्या घातल्या. "एचडीएमआय नाही याला? मग पाच स्पीकर कशाला? दोनच वाजतील."

"दुकानदार म्हणाला, सगळ्याला चालतो."

"दुकानदार काहीही म्हणेल. मला एक फोन करायचास."

"तू केलास का फोन? तुझ्या डब्याला कोणती भोकं आहेत ते सांगायला?"

"बरं, दोन तर दोन," जावई लीलाधर मध्ये पडले. धुळ्याला शाळेत मास्तर, कडक इस्त्रीचा सदरा, भांडण त्यांना सोसत नसे. त्यांनी पिशवीतून डिस्क काढल्या. सगळ्या निळ्या डब्यांत, पारदर्शक कागदात बंद. मुंबईला गेले होते तेव्हा मुद्दाम हिंडून आणलेल्या. जावयाचा मान म्हणून त्यांनीच पहिली डबी फोडली आणि डिस्क आत सरकवली. हेमलता कौतुकानं बघत होती. अक्कांचा पाटही आत आणला होता.

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत राहिला. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की ही डिस्क चालवता येत नाही.

काढली, रुमालानं पुसली, परत घातली. तीच ओळ. दुसरी घातली. तीच ओळ. धर्मेंद्रनं तिसरी स्वतःच्या धोतराला पुसून घातली, जणू धोतराचं कापड रुमालापेक्षा भारी. तीच ओळ.

"पाहुणे, डुप्लिकेट आणल्या का?" तो म्हणाला.

लीलाधरांचे कान लाल झाले. "धर्मेंद्रभाऊ, मी डुप्लिकेट आणीन? पावती दाखवू?"

गोपालनं निळी डबी उचलून उलटीसुलटी केली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं ते सरितानं दारातून बघितलं. "अहो, ही ब्लू-रे आहे," तो म्हणाला. "माझा प्लेअर एचडी डीव्हीडीचा. दोन वेगळे प्रकार आहेत. दिसायला चकती सारखीच, पण याची त्यात वाचली जात नाही. याला लाल डबीतल्या लागतात."

"मग लाल डबीतल्या आणायला सांगायचं होतं," हेमलता म्हणाली.

"बदलून घेऊ," धर्मेंद्र म्हणाला. "निळ्या देऊ, लाल घेऊ. काय मोठं?"

"लाल आता मिळत नाहीत," लीलाधर सावकाश म्हणाले. मास्तर माणूस, कान लाल असले तरी वाक्य नीट लावून बोलत होते. "मुंबईच्या दुकानात मी दोन्ही प्रकार विचारले होते. दुकानदारच म्हणाला, मास्तर, ते भांडण संपलं. लाल डबीवाल्यांनी फेब्रुवारीतच हात टेकले. काढणाऱ्या कंपनीनंच माघार घेतली, नवीन प्लेअर निघत नाहीत, नवीन चित्रपट निघत नाहीत. आता जे काही यायचं ते निळ्या डबीत. म्हणून तर मी निळ्या आणल्या."

धर्मेंद्रनं बोटांवर महिने मोजले.

"फेब्रुवारीत?" धर्मेंद्र म्हणाला. "आणि आपलं आखाजीला ठरलं."

"हो. आखाजी मे महिन्यात होती," लीलाधर म्हणाले.

सगळ्यांच्या माना गोपालकडे वळल्या. गोपाल पुण्याचा, कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा, घरातला शिकलेला. त्यानं रिमोट टेबलावर ठेवला.

"साध्या डीव्हीडी चालतात यात," तो म्हणाला. "आणि लाल डबीतल्या जुन्या अजून मिळतात शोधल्या तर. मी सांगितलं होतं. वहिनींना फोनवर सांगितलं होतं मी, की पाहुण्यांना निरोप द्या, लालच आणा."

सरिताला क्षणभर कळलंच नाही की हे आपल्याबद्दल चाललंय.

"मला?"

"हो, वहिनी. लाइनवर खरखर होती. तुमच्या लक्षात नसेल राहिलं."

धर्मेंद्रनं एक श्वाससुद्धा मध्ये जाऊ दिला नाही. "एक निरोप. एक निरोप सांगता येत नाही तुला? घरात बसून दुसरं काय काम असतं? सगळ्यांच्या हौसेवर पाणी फिरवलंस."

"सरिता," अक्का म्हणाल्या, "तुले सांगेल व्हतं तं बोलाले काय व्हयनं व्हतं?"

हेमलतानं नवरा यातून सुटला म्हणून सुस्कारा टाकला. "वहिनीचं लक्ष मशीनमध्येच असतं," ती म्हणाली. अर्ध्या घटकेपूर्वी जो तो एकमेकांच्या उरावर बसला होता, आणि आता चौघांचं एकमत झालं होतं. एकमताला यांना नेहमी सून लागायची.

 गोपाल खोटं बोलला याचा तिला तेवढा राग आला नाही. तो लहानपणापासून तसाच, काच फुटली की मांजराचं नाव. राग आला तो शेजारी उभ्या माणसाचा. सव्वीस वर्षं संसार केला याच्याबरोबर. आजारपणात, दुकान बुडालं तेव्हा, पोरांच्या परीक्षांना. आणि यानं विचारलंही नाही की खरं का ग.

"मला फोन आला नव्हता," ती म्हणाली.

"आता तो खोटं बोलतोय का?" धर्मेंद्र म्हणाला.

"हो."

"सरिता, तोंड सांभाळ. सणाचा दिवस आहे."

"सणाचा दिवस मला कुणी शिकवू नये. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही मी. तुमचा डबा चालत नाही, तुमची भोकं जुळत नाहीत, आणि निरोप मी विसरले? साध्या डीव्हीडी चालवायला माझी खोली रिकामी केलीत? साध्या डीव्हीडी तर त्या जुन्या टीव्हीवर बैठकीत चालत होत्या."

"बास," धर्मेंद्र ओरडला.

"बास कसं?" हा आवाज मागून आला. रेशमा दारात उभी होती, हाताला भोपळ्याचं पिवळं लागलेलं. तिचा आवाज थरथरत होता, आणि सरिताला आधी वाटलं ती रडतेय. ती रडत नव्हती. "ताईंना कुणी फोन केला नाही. मी सांगते. तो प्लेअर नवीन नाहीच. आमच्या घरचाच आहे तो. यांनी मागच्या दिवाळीत मित्राकडून मागवला. फेब्रुवारीत तो प्रकार बंद पडला तेव्हा आठवडाभर जेवले नाहीत नीट. मग निळावाला घेतला. तो पुण्याला आहे, हॉलमध्ये. हा माळ्यावर पडला होता. आखाजीला इथे विषय निघाला आणि यांना जागा सापडली."

"रेशमा, आत जा," गोपाल म्हणाला.

"जाते. पण माझ्या नावानं काही कराल तर करा, त्यांच्या नावानं कशाला? त्यांची मशीन पावसात टाकली तुमच्या भंगारासाठी."

---

मग जे झालं ते शेजारच्या कॉलनीतही ऐकू गेलं असेल. धर्मेंद्रनं प्लेअर उचलला, वायरी न काढताच, आणि गोपालच्या पायाशी ठेवला. आपटला नाही एवढंच.

"मला भंगारवाला समजतोस?"

"भाऊ, चालू आहे तो. मला वाटलं, इथे काय, जुन्या डीव्हीडीच बघणार तुम्ही. तुम्हाला काय फरक कळणार होता."

"कळणार नव्हता. आम्ही गावंढळ."

"मी असं म्हटलं नाही."

"असंच म्हटलास. नानांच्या ओट्यावर लोक टीव्ही बघायला यायचे, आणि तू मला तुझ्या माळ्यावरचं उष्टं दिलंस. आणि माझ्या पाहुण्याला मी डुप्लिकेट म्हणालो तुझ्यामुळे."

"आता मी आठवलो का?" लीलाधर कोरडेपणानं म्हणाले आणि निळ्या डब्या पिशवीत भरू लागले. हेमलतानं त्यांच्या हातातून पिशवी ओढली आणि आपल्या भावाकडे वळली. "गोपाल, गादी तोकडी निघाली तेव्हाही तू हसला होतास. हस आता."

"अक्का, ऐका," धर्मेंद्र म्हणाला. तो आता कुणाकडेच बघत नव्हता. "पुढच्या सालापासून यांचा रोट वेगळा. यांनी पुण्याला करावा. माझ्या चौरंगावर यांच्या नावाची मूठ नको."

भागाबाईंचा हात पाटाच्या कडेवर घट्ट झाला. रोट वेगळा म्हणजे घर संपलं. भाऊबंद त्याला वाटणीपेक्षा मोठं मानत. गोपालचाही चेहरा उतरला, पण तोही या घरचाच होता. "चालेल," तो म्हणाला. "आजपासूनच वेगळा करा."

"आज मले मराले आणं का तुम्ही?" अक्का म्हणाल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. उन्हं कलली होती. "सरिता, ऊठ माय. दिवा लागाना टाइम व्हयना. रोट करना शेत. यास्ले भांडू दे."

सरिता कापड बेतायच्या टेबलाजवळच्या तिच्या स्टुलावर बसली होती. कधी बसली ते तिलाही कळलं नव्हतं. ती उठली नाही.

"मी नाही उठत, अक्का."

"काय?"

"माझी खोली माझ्या ताब्यात आल्याशिवाय मी पिठाला हात लावणार नाही. मशीन खाली आणा. पाटी आणा. टीव्ही माझ्या टेबलावरून काढा. मग रोट."

"देवाच्या कामात अडवणूक करतेस?" धर्मेंद्र म्हणाला.

"देवीचं काम आहे. तिला कळेल."

हेमलता पदर खोचून पुढे झाली. "मी करते रोट. त्यात काय अवघड आहे?"

"तुना हातना चालस नही," अक्का म्हणाल्या. "तू दिलेली पोर. तुना रोट तठे, धुळाले." हेमलता तिथेच थांबली. तिला हे ठाऊक होतं, दरवर्षी ती हा प्रसाद न खाता परत जायची, पण सगळ्यांसमोर असं ऐकून तिचे डोळे भरले आणि ते तिनं रागानं पुसले.

राहिली रेशमा. अक्कांनी तिच्याकडे बघितलं, गोपालनं बघितलं, धर्मेंद्रनंसुद्धा. रेशमानं हात धुतले, पुसले, आणि येऊन सरिताच्या स्टुलाशेजारी भिंतीला टेकून खाली बसली.

"ताई उठल्या की उठते," ती म्हणाली.

सरितानं तिच्याकडे बघितलं नाही. पण स्टूल थोडं सरकवून तिला टेबलाच्या पायाला टेकता येईल एवढी जागा केली.

गल्लीत बायकांचा आवाज आला. भाऊबंदकी यायला लागली होती. सगळ्यांत पुढे चुलत सासू कौतिकबाई, डोक्यावर पदर, मागे त्यांची सून, पोरं. आमंत्रण होतंच, कानबाईचं आणि टीव्हीचं. त्या दारात थबकल्या. आत दोन सुना बसलेल्या, दोन भाऊ उभे, जावई पिशवी घेऊन, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर इंग्रजीतली ती एकच ओळ.

"काय व्हयनं व, भागा?" कौतिकबाईंनी विचारलं.

अक्का एवढा वेळ मुलांच्या बाजूला होत्या. त्यांनी एकदा थोरल्या मुलाकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे, एकदा कललेल्या उन्हाकडे.

"काय नही," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्या मशीन खाली आणी राहिनात. जा रे दोन्ही. जा."

---

शिलाई मशीन एकट्याला उचलवत नाही. लोखंडी पाय, वरची फळी, मशीन, मिळून दोन माणसं लागतात, आणि जिना अरुंद. दोन भाऊ, ज्यांचा रोट आजपासून वेगळा झाला होता, त्यांना एकाच मशीनची दोन टोकं धरून खाली यावं लागलं.

"तिरकं कर," जिन्यावरून आवाज आला.

"तू आधी खाली उतर ना."

"माझा अंगठा अडकलाय."

"मग ओरडायचं होतं आधी."

"ओरडतोच आहे."

खाली भाऊबंदकी उभी राहून ऐकत होती. कुणी हसलं नाही, कारण अक्का पाटावरून सगळ्यांकडे बघत होत्या. पहिलं मशीन आलं. दुसरं आलं. तिसरं, पिकोचं, आलं तेव्हा दोघांचे सदरे घामानं चिकटले होते आणि हात गंजानं लाल झाले होते. लीलाधर न सांगता वर गेले आणि पाटी घेऊन आले. टीव्ही टेबलावरून उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला.

"झालं?" धर्मेंद्र म्हणाला. "आता तरी ऊठ."

"एक राहिलं," सरिता म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "भाऊजी म्हणाले, वहिनींना फोन केला होता. ते खोटं होतं, हे त्यांनी म्हणावं. इथेच."

गोपालनं खाली बघितलं. "नव्हता केला फोन," तो म्हणाला. "चुकलं, वहिनी."

"आणि तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी काय केलं?"

"तुम्ही खरं मानलंत."

धर्मेंद्र दाराकडे बघू लागला. दारात कौतिकबाई, त्यांची सून, भाऊबंदकीतली सगळी माणसं दाटीवाटीनं उभी. यांनाच तर त्यानं बघायला बोलावलं होतं. बाहेर कुणीतरी कानबाईचं गाणं सुरू केलं, दोन ओळी म्हटल्या आणि थांबलं.

"धर्मा," अक्का म्हणाल्या, "बोल. दिवा लागना."

"तुला विचारायला पाहिजे होतं," तो शेवटी म्हणाला. इतक्या हळू, की पुढच्या दोघीतिघींनाच ऐकू गेलं.

"काय विचारायला? फोनचं का खोलीचं?"

त्यानं गंजानं माखलेला हात धोतराला पुसला. "दोन्ही," तो म्हणाला.

सरिता उठली. तिला वाटलं होतं हे ऐकल्यावर छातीतला दगड खाली उतरेल. कणभरही उतरला नाही. तिनं मोरीत हात धुतले, पदर खोचला आणि पिठाच्या परातीपुढे बसली. शेजारी रेशमा बसली. दोघींनी गुळाचं पाणी घालून पीठ मळायला घेतलं, गोपालच्या नावाची मूठ आणि धर्मेंद्रच्या नावाची मूठ त्याच परातीत, कुणी वेगळी करायला आलं नाही. सरितानं असं पीठ मळलं की परात फरशीवर सरकत होती आणि रेशमाला ती गुडघ्यानं धरून ठेवावी लागली.

दिवेलागणीला नैवेद्य दाखवला. नारळाची कानबाई नथ घालून चौरंगावर बसली होती, बाया गात होत्या. पंगत बसली तेव्हा दोन भाऊ दोन टोकांना बसले. सरितानं वाढायला सुरुवात केली ती धर्मेंद्रपासून.

त्यानं रोट मोडायचा प्रयत्न केला. एका हातानं मोडेना, मग दोन्ही हातांनी मोडला. वर बघून त्यानं विचारलं, "राग गेला का?"

"राग पिठात मळलाय," सरिता म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी एक रोट वाढला. "खा आता. पौर्णिमेच्या आत सगळा संपवायचाय, आणि बाहेरच्या कुणाला देता येत नाही."